दाखल्यावरचा 'जि. कुलाबा' म्हणजे नेमका कोणता जिल्हा?

प्रश्न थोडक्यात असा. आजोबांचा १९५८ सालचा शाळा सोडल्याचा दाखला जातपडताळणीच्या अर्जाला जोडला. त्यावर 'ता. पेण, जि. कुलाबा' असं लिहिलेलं आहे. अर्ज तपासणाऱ्याने शंका काढली की कुलाबा तर मुंबईत, मग पेण तालुका त्यात कसा? हा कुलाबा जिल्हा कुठला, कधीपासून कधीपर्यंत होता, आणि दाखल्यावर 'रायगड' अशी दुरुस्ती करून घ्यावी का?

दुरुस्तीचं आधी सांगतो, कारण त्यात नुकसान व्हायची भीती आहे. ती करून घेऊ नका. १९५८ साली रायगड नावाचा जिल्हाच नव्हता. त्या सालच्या मूळ कागदावर 'जि. कुलाबा' असणं हीच त्याच्या खरेपणाची खूण आहे. त्या काळच्या मूळ नोंदीत 'जि. रायगड' दिसलं तर मात्र मी तो कागद दहा वेळा उलटून पाहीन. आयुष्यभर अलिबाग-पेण भागातली जुनी दफ्तरं, फेरफार आणि कोतवाल बुकं चाळत आलो आहे. नीट असलेला कागद 'नीट' करायला जाऊन लोकांनी तो कायमचा संशयास्पद करून ठेवलेला मी पाहिला आहे.

आता जिल्ह्याबद्दल. कुलाबा जिल्हा म्हणजेच आजचा रायगड जिल्हा. १ जानेवारी १९८१ पासून नाव बदललं. मुख्यालय तेव्हाही अलिबाग होतं, आजही अलिबागच आहे. मुंबईतल्या कुलाब्याचा या जिल्ह्याच्या कारभाराशी काही संबंध नव्हता. ते मुंबई बेटांच्या दक्षिण टोकाचं एक बेट, १८३८ साली भर घालून आणि रस्ता बांधून मुंबईला जोडलेलं. आपला कुलाबा म्हणजे अलिबागच्या किनाऱ्यासमोरचा पाणकिल्ला, ओहोटीला चालत जाता येतं तो. काही कागदांवर 'कुलाबा' तर काहींवर 'कोलाबा' असतं. दोन्ही एकच. त्यावरून कोणी हरकत घेतली तर ती टिकणारी नाही.

या किल्ल्याचं नाव एवढ्या मोठ्या मुलखाला कसं लागलं, हे आंग्र्यांशिवाय सांगता येत नाही. किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू करवलं, ते संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. पुढे कान्होजी आंग्र्यांनी तो आपल्या आरमाराचं ठाणं केला. कान्होजी १७२९ साली गेले. मुलांमध्ये वाटण्या होऊन मानाजीकडे कुलाबा आणि संभाजीकडे दक्षिणेचा किनारा अशी घराण्याची दोन पाती झाली. दक्षिणेकडचं पातं तुळाजी आंग्र्यांच्या पाडावाबरोबर १७५६ मध्ये विजयदुर्गावर संपलं. कुलाब्याचं पातं मात्र टिकलं, आणि पेशवाई बुडाल्यावरही कंपनीचं मांडलिक संस्थान म्हणून उरलं.

ते कसं गेलं हे बारकाईने पाहण्यासारखं आहे. रघुजी आंग्रे १८३८ च्या डिसेंबरात वारले. त्यांच्या पश्चात जन्मलेला मुलगा १८३९ साली दगावला. घरच्या बायकांनी दत्तकाची परवानगी मागितली. कंपनी सरकारने ती नाकारली आणि १८४० मध्ये संस्थान खालसा केलं. दत्तक नामंजूर म्हटलं की आपल्याला डलहौसी आणि सातारा आठवतो. पण डलहौसी हिंदुस्थानात आला १८४८ साली. त्याच्या आठ वर्षं आधी हाच डाव अलिबागला खेळून झाला होता. शाळेच्या पुस्तकांत याचा उल्लेख क्वचितच येतो, आणि कुलाब्याच्या माणसाला याची खंत वाटायलाच हवी.

खालसा झालेला मुलूख म्हणजे काही आजचा जिल्हा नव्हे. आंग्र्यांचं संस्थान अलिबागच्या आसपासच्या पट्ट्यात होतं. पेण, रोहे, माणगाव, महाड हा पेशव्यांचा मुलूख १८१८ मध्येच इंग्रजांकडे आलेला. तो आधी दक्षिण कोकणात होता, १८३० मध्ये उत्तर कोकणात, म्हणजे पुढच्या ठाणे जिल्ह्यात घातला. त्या वेळच्या महसुली विभागांची नावं ऐकण्यासारखी आहेत: सांकशी, राजपुरी आणि रायगड. सांकशी म्हणजे पेणकडचा भाग, राजपुरी माणगावकडचा, आणि रायगड म्हणजे महाडकडचा. पुढे सबंध जिल्ह्याला मिळालेलं नाव दीडशे वर्षांपूर्वी त्याच्याच एका कोपऱ्याच्या दफ्तरावर होतं. हे तीन विभाग आणि आंग्र्यांकडून आलेला किनारा मिळून १८५३ मध्ये ठाण्याच्या हाताखाली कुलाबा उपजिल्हा झाला. १८६९ मध्ये तो ठाण्यापासून वेगळा काढला, स्वतंत्र कलेक्टर दिला. तुम्ही म्हणता तो कुलाबा जिल्हा इथे जन्मला. तालुके पाच: अलिबाग, पेण, रोहे, माणगाव, महाड.

यापुढे तो जोडत जोडत वाढला. जुने कागद शोधणाऱ्याने हे तोंडपाठ करायला हवं.

पनवेल, आणि त्याबरोबर उरणचा पेटा, म्हणजे तालुक्याचा पोटविभाग, १८८३ मध्ये ठाण्यातून कुलाब्यात आला. कर्जत १८९१ मध्ये आला. खालापूर तेव्हा कर्जतचाच पेटा. म्हणूनच कर्जत तालुक्यातलं माथेरान शोधल्याचं श्रेय १८५० साली ठाण्याचा कलेक्टर असलेल्या ह्यू मॅलेटकडे जातं. तेव्हा तो डोंगर ठाण्याचा होता. पनवेलची नगरपालिका १८५२ ची, आपल्या राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी. ती पण ठाणे जिल्ह्यात जन्मली आणि एकतीस वर्षांनी जिल्हा बदलून कुलाब्यात आली. आता तिची महानगरपालिका झाली, २०१६ साली.

इतकं होऊनही नकाशाच्या मधोमध एक भलं मोठं भगदाड होतं. मुरुड, म्हसळे आणि श्रीवर्धन हा सगळा भाग जंजिऱ्याच्या सिद्दी नबाबाचा. सव्वातीनशे चौरस मैलांचं ते संस्थान, कलेक्टरचा हुकूम तिथे चालत नसे. पूर्वेला पालीच्या बाजूचा सुधागड भोर संस्थानात. म्हणजे १९४० साली अलिबागहून महाडकडे निघालेला माणूस वाट कुठली धरतो यावर त्याला दुसऱ्या राज्याची हद्द लागत होती की नाही ते ठरे. १९४८ मध्ये दोन्ही संस्थानं मुंबई प्रांतात विलीन झाली. मुरुड, म्हसळे, श्रीवर्धन आणि सुधागड कुलाब्यात आले आणि जिल्ह्याचा नकाशा पहिल्यांदा सलग झाला. आज तालुके पंधरा आहेत. त्यातला तळा सर्वांत नवा, १९९९ चा. त्याआधीच्या कागदावर तळे गाव माणगाव तालुक्यात सापडेल.

जिल्हा महसुलाचा, म्हणजे कलेक्टरचा. पण लोकांचा कारभार म्हणून जे काही होतं ते लोकल बोर्डाचं आणि नगरपालिकांचं. तुमच्या आजोबांची शाळा त्याच रांगेत बसते, म्हणून त्याबद्दल थोडं.

शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा, अशी पट्टी १८६० च्या दशकात बसली. त्यातला दोन तृतीयांश रस्त्यांना आणि एक तृतीयांश शाळांना. १८८४ च्या कायद्याने जिल्हा लोकल बोर्ड आणि तालुका लोकल बोर्डं आली. सुरुवातीला अध्यक्षपद कलेक्टरकडेच, निवडून आलेल्यांचा आवाज बारीक. १९२३ च्या कायद्यांनी ते पालटलं: बोर्ड लोकांच्या हाती जाऊ लागलं आणि प्राथमिक शाळा बोर्डाकडे आल्या. पुढे शाळांसाठी जिल्हा स्कूल बोर्ड वेगळं झालं. १९४७ ते १९६२ या काळातल्या कुलाब्यातल्या कित्येक दाखल्यांच्या माथ्यावर 'स्कूल बोर्ड, कुलाबा' अशा अर्थाचा मजकूर किंवा गोल शिक्का असतो, तो यामुळे. आजोबांचा दाखला उजेडात धरून पाहा. शाई फिकी झाली असली तरी शिक्क्याच्या कडेची अक्षरं बहुधा लागतील. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा आल्या, लोकल बोर्ड आणि स्कूल बोर्ड दोन्ही इतिहासजमा झाली. पट्टी मात्र उरली. सारा भरल्याच्या पावतीवर जि. प. चा उपकर असतो, तो या एका आण्याचाच वंशज.

कागदापुरतं एवढं पुरे होतं. पण कुलाबा जिल्ह्याचं नाव आलं आणि महाड सांगितलं नाही तर ते माझ्याकडून होणार नाही.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मांडला: सरकारी पैशाने बांधलेली किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातली पाणवठ्याची ठिकाणं, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुली असावीत. ठराव संमत झाला, पण तो पाळायचा की नाही हे शेवटी गावोगावच्या नगरपालिकांवर. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं करण्याचा ठराव केला. सुरेंद्रनाथ टिपणीस हे तिथले कार्यकर्ते या कामात पुढे होते. ठराव झाला खरा, पण तळ्यावर कोणी जाऊ शकत नव्हतं. मग १९ आणि २० मार्च १९२७ ला महाडात परिषद भरली. तिचं नाव नीट वाचा: 'कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद'. रामचंद्र बाबाजी मोरे यांनी तिच्यासाठी गावोगाव हिंडून माणसं जमवली होती. दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मागोमाग लोक शिस्तीने तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परतणाऱ्या माणसांवर हल्ले झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी जणांना ठाऊक असतं ते पुढचं: त्याच नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ ला आपला १९२४ चा ठराव मागे घेतला. डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाच्या वेळी कोर्टाचा मनाई हुकूम आला, तेव्हा मनुस्मृतीचं दहन झालं. तळ्याचा दावा हायकोर्टात जाऊन १९३७ साली निकाल लागला तो अस्पृश्यांच्या बाजूने. एका लहानशा गावच्या नगरपालिकेचे दोन ठराव, एक हक्क देणारा आणि एक काढून घेणारा, यांनी देशाचा इतिहास वळवला. स्थानिक स्वराज्य संस्थांचा इतिहास म्हणजे गटारं आणि दिवाबत्ती असं समजणाऱ्यांनी महाडची ही तीन वर्षं वाचावीत.

१९३० चं चिरनेरही याच जिल्ह्यातलं. उरणजवळच्या या गावात २५ सप्टेंबरला जंगल सत्याग्रहावर गोळीबार झाला, गावकरी हुतात्मे झाले, आणि त्याच गोळीबारात मामलेदारही मारले गेले. पनवेल-उरणच्या त्या काळच्या पोलीस आणि कोर्टाच्या कागदांवर जिल्हा अर्थातच कुलाबा.

आणि चरी. अलिबाग तालुक्यात पोयनाडजवळचं हे गाव. खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, जमिनी कसणाऱ्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखाली १९३३ मध्ये संप पुकारला: जमीन कसायचीच नाही. आसपासची पंचवीसएक गावं त्यात उतरली. संप १९३९ पर्यंत चालला. सहा पावसाळे आपल्याच बांधापलीकडचं शेत ओस पडलेलं पाहत राहणं म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळेल. लोकांनी लाकूडफाटा विकला, खाडीत मासे धरले, पडेल ती मजुरी केली, पण खोताच्या शेतात पाऊल ठेवलं नाही. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर चरीच्या सभेला आले. १९३७ मध्ये त्यांनी कायदेमंडळात खोती मोडण्याचं विधेयक मांडलं. १९३९ च्या कूळकायद्याने कुळाला कायद्यात जागा मिळाली, १९४९ च्या कायद्याने खोती गेली, आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाने कसणारा जमिनीचा मालक ठरू लागला. पेण-अलिबाग भागातला फेरफार उघडला की पुढच्या कूळकायद्याच्या '३२ ग' कलमाप्रमाणे किंमत ठरून कुळाचं नाव लागल्याची नोंद हमखास भेटते. त्या नोंदीच्या माथ्यावरही कुलाबाच. तुमच्या आजोबांच्या नावे अशी नोंद असली तर तिची नक्कल जरूर काढा. तीत जात लिहिलेली नसली तरी गाव, घराणं आणि काळ तिघांचा मेळ त्यातून बसतो.

पेणचे आहात म्हणून आणखी एक सांगतो, ते तुमच्या कागदांत येण्याची शक्यता दाट आहे. पेण आणि अलिबागच्या खाडीकाठची भातशेती ही खार जमीन, समुद्राकडून मिळवलेली. खाडीच्या अंगाला जो मोठा मातीचा बांध असतो तो बाहेरकाठा. त्यात ठिकठिकाणी उघाडी. ओहोटीला तिच्यातून पावसाचं पाणी बाहेर पडतं, भरतीला तिची झडप मिटते आणि खारं पाणी बाहेरच राहतं. उधाणाला बाहेरकाठ्याला खांड पडली की एका रात्रीत शेत मिठाचं होतं, आणि पावसाने ते मीठ धुऊन निघेपर्यंत भाताचं नाव नको. हा बांध कोणी राखायचा? पेशवाईपासून इथे एक पद्धत होती. ज्याने मूळ बांध घालून जमीन काढली तो शिलोत्रीदार. कसणाऱ्याने सरकारचा सारा द्यायचा तो द्यायचाच, वर दर बिघ्याला ठरलेलं धान्य शिलोत्रीदाराला, आणि त्या बदल्यात त्याने बाहेरकाठा दुरुस्त ठेवायचा. हळूहळू धान्य घेणं चालू राहिलं आणि बांध राखणं सुटत गेलं. १९५५ साली हा हक्क मोडणारा कायदा झाला. त्याच्या नावातच कुलाबा जिल्हा आहे, कारण ही पद्धत या जिल्ह्याची. १९४८ च्या खार जमीन कायद्याने सरकारी मंडळ आलं होतं, बांधांचं काम त्याच्याकडे सरकत गेलं.

माझं मत विचाराल तर शिलोत्री मोडली हे योग्यच झालं. काम न करता वर्षानुवर्षं धान्य नेणाऱ्याची बाजू कोणी घ्यावी? पण खांड पडली की त्याच रात्री टोपल्या घेऊन धावायचं कोणी, याचं उत्तर पूर्वी वाईट का होईना, गावात होतं. ते आता कार्यालयात शोधावं लागतं. खाडीकाठची गावं याची किंमत दर मोठ्या उधाणाला मोजतात.

हक्कनोंदीत, विशेषतः १९५५ च्या आधीच्या, 'इतर हक्क' मध्ये शिलोत्रीचा उल्लेख दिसला तर घाबरू नका. तो बोजा मेलेला आहे. पण तुमचं घराणं त्या गावात त्या साली जमीन कसत होतं याचा तो चांगला पुरावा ठरतो.

१९६० नंतरचं भराभर सांगतो. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि नव्या मुंबईसाठी भूसंपादन सुरू झालं. त्या नोटिसा पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या गावांना आल्या त्या 'जिल्हा कुलाबा' म्हणूनच. संपादनाच्या मोबदल्यातल्या साडेबारा टक्के भूखंडाच्या प्रकरणांत आजही हे जुने कागद जोडावे लागतात आणि वारसांना हाच प्रश्न पडतो. १९७३ मध्ये ठाण्याची खाडी ओलांडणारा वाशीचा पूल झाला. तोवर मुंबईहून अलिबागला यायचं म्हणजे बहुतेकांना भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँचच. १७ जुलै १९४७ ला याच वाटेवर रामदास बोट बुडून सहाशेच्या वर माणसं गेली. या जिल्ह्यातलं क्वचितच एखादं किनाऱ्याचं गाव असेल जिथे त्याची आठवण निघत नाही.

नाव बदललं ते बॅरिस्टर ए. आर. अंतुले मुख्यमंत्री असताना. ते स्वतः याच जिल्ह्याचे, म्हसळे तालुक्यातल्या आंबेतचे. जून १९८० मध्ये ते मुख्यमंत्री झाले, आणि १ जानेवारी १९८१ पासून कुलाब्याचा रायगड झाला. त्याच वर्षी १ मे ला रत्नागिरीचे दोन तुकडे होऊन सिंधुदुर्ग निघाला. बरेच जण या दोन गोष्टींची गल्लत करतात. सिंधुदुर्ग हा नवीन जिल्हा, हद्दी नव्याने आखलेल्या. रायगडचं तसं नाही. तालुके तेच, गावं तीच, गटनंबर तेच, कचेऱ्याही त्याच. फक्त पाटी बदलली. तुमच्या प्रकरणात हाच मुद्दा मांडायचा आहे: जिल्ह्याचं विभाजन झालेलं नाही, नामांतर झालेलं आहे.

आमच्यातल्या काहींना कुलाबा हे नाव जायला नको होतं असं वाटायचं, आणि मला ते समजतं. आंग्र्यांच्या आरमाराची या मातीवरची ती नाममुद्रा होती. पण रायगड हा स्वराज्याची राजधानी, राज्याभिषेकाची जागा, आणि याच जिल्ह्यातला. त्या नावाला नाही म्हणणार कोण? मला त्यात वावगं काही दिसत नाही. माझी तक्रार एवढीच की नाव बदलताना आधीच्या शतकभराचा इतिहास नव्या पिढीला सांगायचा राहून गेला, त्यामुळे अर्ज तपासणाऱ्यालाही कुलाबा म्हटलं की फक्त मुंबईचा समुद्रकिनारा आठवतो.

गंमत अशी की नाव लगेच गेलंही नाही. लोकसभेचा मतदारसंघ 'कुलाबा' होता आणि जिल्ह्याचं नाव बदलल्यावरही तो कुलाबाच राहिला. १९५२ मध्ये इथून चिंतामणराव देशमुख निवडून आले. त्यांचा जन्म महाडजवळच्या नाते गावचा. केंद्रात अर्थमंत्री असताना १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी राजीनामा दिला. दि. बा. पाटील १९७७ आणि १९८४ मध्ये कुलाब्यातून खासदार झाले. अंतुल्यांनी जिल्ह्याचं नाव बदललं, पण पुढे ते स्वतः लोकसभेवर गेले ते 'कुलाब्याचे खासदार' म्हणून, अगदी २००४ पर्यंत. २००९ च्या निवडणुकीपासून मतदारसंघांची फेररचना लागू झाली तेव्हा रायगड आणि मावळ हे मतदारसंघ आले आणि संसदेतून हे नाव गेलं. विधानसभेचा कुलाबा मतदारसंघ आहे, पण तो मुंबईतला. जुन्या मतदार याद्या पुरावा म्हणून लावणाऱ्यांनी यादी लोकसभेची की विधानसभेची हे आधी पाहावं.

दोन कुलाब्यांची एक खरी गाठ मात्र आहे. मुंबईच्या कुलाब्याला इंग्रजांची वेधशाळा होती. पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजमापं तिथे होत. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, तेव्हा त्या विजेने सूक्ष्म मापं बिघडतील म्हणून चुंबकीय वेधशाळा १९०४ च्या सुमारास अलिबागला आणली. ती आजही समुद्राजवळ चालू आहे. मुंबईच्या कुलाब्याचं काम कुलाबा जिल्ह्यात आलं ते असं.

आता तुमच्या अर्जाचं. जातपडताळणीत मानीव दिनांक, म्हणजे ज्या तारखेच्या किंवा त्याआधीच्या वास्तव्याचा पुरावा पाहिला जातो ते दिनांक, महत्त्वाचे असतात: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. हे तिन्ही दिनांक १९८१ च्या आधीचे. म्हणजे आजच्या रायगडातल्या प्रत्येक अर्जदाराला उपयोगी पडणारा पुरावा हा ब्रिटिश मुलखातला असेल तर 'जि. कुलाबा' चाच असणार. तुमची अडचण एकट्याची नाही.

दाखल्याबरोबर शाळेच्या जनरल रजिस्टरचा, म्हणजे प्रवेश-निर्गमाचा उतारा घ्या, मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्याचा. रजिस्टरमध्ये जिल्हा कुलाबा आणि आज काढलेल्या छापील नमुन्यावर रायगड असं दिसेल. ते चालतं. नमुना आजचा, नोंद त्या दिवसाची. मजकूर मात्र रजिस्टरमध्ये आहे तसाच उतरवून घ्या, काना-मात्रेसकट. पणजोबांपर्यंत मागे जायचं असेल तर तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना नंबर १४, लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात, त्याची जन्म-मृत्यूची नक्कल मागा. त्यात बहुतेक वेळा जात लिहिलेली असते. ही नोंद मोडीत निघाली तर जाणकाराकडून लिप्यंतर करून मूळ नकलेला जोडा. नामांतराबाबत एका ओळीचा खुलासा अर्जात लिहा: कुलाबा जिल्ह्याचं नाव १ जानेवारी १९८१ पासून रायगड झालं असून पेण तालुका १८६९ पासून याच जिल्ह्यात आहे. राजपत्रातल्या नामांतराच्या अधिसूचनेची प्रत मिळाली तर ती लावा. जिल्ह्याची नावं आणि हद्दी बदलण्याचा अधिकार शासनाला जमीन महसूल संहितेच्या कलम ४ ने आहे.

तुमच्या घराण्याची सोयरीक किंवा मूळ गाव दुसऱ्या तालुक्यातलं निघालं तर मात्र जिल्हा बदलतो. मुरुड, म्हसळे किंवा श्रीवर्धनचा १९४८ पूर्वीचा कागद असेल तर त्यावर जंजिरा संस्थान दिसेल, कुलाबा नाही. पालीकडचा असेल तर भोर संस्थान. कर्जत-खालापूरचा १८९१ पूर्वीचा किंवा पनवेल-उरणचा १८८३ पूर्वीचा असेल तर ठाणे. पेणला यातलं काही लागू नाही. तिथला १८६९ नंतरचा आणि १९८१ पूर्वीचा कुठलाही सरकारी कागद 'जि. कुलाबा' चाच.